माध्यमिक शाळेतील मुली आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न : बांगला देशाचा अनुभव

(शिक्षक व महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गरीब घरातील मुलगी शाळा सोडते ती एका दिवसात सोडत नाही. आधी आठवड्यातला एखादा दिवस बुडतो, मग हंगामात पंधरवडा बुडतो, परीक्षेची फी भरायची राहून जाते. आणि हजेरीपटावरून नाव कमी होते तेव्हा तो निव्वळ कागदोपत्री उपचार उरलेला असतो. प्राथमिक शिक्षण संपल्यानंतर ही गळती विशेष वाढते. प्राथमिक शाळा बहुधा गावातच असते आणि मुलगी लहान असते. पुढची शाळा लांब असते, वह्या-पुस्तकांचा खर्च वाढतो, मुलीच्या हातांना घरात आणि शेतात किंमत येते, आणि तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षी, म्हणजे साधारणतः आठवीला संपते. बांगला देशात १९९० च्या कायद्याने सक्तीचे केलेले शिक्षण तर पाचवीपर्यंतचेच होते. राज्यसंस्था जेथे हात काढून घेते, तेथूनच कुटुंबाचा खर्च चढू लागतो. शिष्यवृत्तीचा प्रश्न या सांध्यावरचा प्रश्न आहे, आणि शेजारच्या देशाने तो ज्या पद्धतीने हाताळला तिचा अभ्यास म्हणूनच अगत्याचा ठरतो.

चांदपूर जिल्ह्यातील शाहरास्ती या उपजिल्ह्यात १९८२ साली एका स्थानिक संस्थेने परदेशी साहाय्यातून मुलींना माध्यमिक शाळेसाठी वेतन देण्याचा प्रयोग सुरू केला. जानेवारी १९९४ पासून सरकारने ही योजना देशाच्या सर्व ग्रामीण भागांत, ४६० उपजिल्ह्यांत लागू केली. पैसा काही प्रमाणात जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि नॉर्वे यांच्याकडून आला. मोठ्या भागाचा भार सरकारनेच उचलला. सहावीच्या मुलीला दरमहा २५ टाका, सातवीला ३०, आठवीला ३५, नववी-दहावीला ६० टाका. नववीत पुस्तकांसाठी २५० टाका, दहावीत परीक्षेची फी. शिक्षणशुल्क वेगळे, आणि ते थेट शाळेला.

रकमा किरकोळ होत्या. तरीही योजनेच्या रचनेत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली अशी की, पैसे सरकारी मालकीच्या अग्रणी बँकेत मुलीच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावर, वर्षातून दोनदा जमा होत. ज्या समाजात स्त्रीच्या नावावर भांडेदेखील नसते, तेथे बारा वर्षांच्या मुलीचे बँकेत खाते असणे ही साधी बाब नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, दारिद्र्य सिद्ध करण्याची अट नव्हती. ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेत वा मदरशात नाव घातलेली प्रत्येक मुलगी पात्र होती. सधन शेतकऱ्याच्या मुलीलाही पैसे मिळतात, ही उधळपट्टी आहे, असा आक्षेप अर्थातच घेतला गेला. तो सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु भूमिहीन मजुराला आपले दारिद्र्य कोणा दारी जाऊन सिद्ध करावे लागले नाही, आणि शिष्यवृत्ती घेणे हे लाजेचे कारणही उरले नाही. एखाद्या मुलीने शाळेत जाणे आणि गावातील सगळ्याच मुलींनी शाळेत जाणे, यांत सामाजिकदृष्ट्या फार मोठे अंतर आहे. रस्त्याने एकटी जाणारी मुलगी टीकेचा विषय होते. वीसजणी मिळून गेल्या की तो रिवाज होतो.

शाळांच्या बाजूनेही एक हिशेब होता. बांगला देशातील बहुतेक सर्व माध्यमिक शाळा बिगरसरकारी आहेत. शुल्क थेट शाळेकडे येऊ लागताच मुली दाखल करून घेण्यात शाळांचा आर्थिक हितसंबंध निर्माण झाला. कित्येक मदरशांनी मुलींसाठी दारे उघडली ती याच काळात. (हजेरीपट फुगवण्याचा मोहही त्याच वाटेने आला, हे सांगितलेच पाहिजे.) जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार १९९१ साली माध्यमिक शाळांत ११ लाख मुली होत्या; २००५ साली ३९ लाख. मुलग्यांच्या बरोबरीला मुली आल्या, किंबहुना काहीशा पुढे गेल्या.

हे सारे श्रेय शिष्यवृत्तीचे काय? येथे सावध असावे. रेचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, तयार कपड्यांचे कारखाने ज्या गावांच्या टप्प्यात आले, तेथे मुली अधिक काळ शिकल्या आणि त्यांची लग्ने लांबली. शिष्यवृत्तीचा परिणाम त्यांना त्या मानाने फारच थोडा आढळला. अन्य अभ्यासकांना शिष्यवृत्तीमुळेही शिक्षणाची वर्षे वाढल्याचे व विवाह पुढे गेल्याचे दिसले आहे. वाद संपलेला नाही. पण शिलाईयंत्रावर बसायलाही हिशेब आणि अक्षरओळख लागते, हे बापाच्या लक्षात आले की मुलीच्या शाळेकडे तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो, इतके मान्य करायला हरकत नसावी. त्या कारखान्यांतील वेतन आणि सुरक्षितता यांची कहाणी भीषण आहे. २०१३ सालचे राणा प्लाझा कोणी विसरलेले नाही. तिचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

योजनेच्या अटी तीन होत्या : पंचाहत्तर टक्के हजेरी, वार्षिक परीक्षेत पंचेचाळीस टक्के गुण, आणि अविवाहित राहणे. तिसऱ्या अटीने बापाला भावकीत सांगायला एक सबब दिली, हा तिचा उपयोग. परंतु वयाबरोबर हुंड्याची मागणी वाढत जाणारा जो बाजार आहे, तो महिना साठ टाक्यांनी कसा हटावा? २०१९ च्या पाहणीतही वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ५१ टक्क्यांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. आणि जिचे लग्न लावून दिले गेले, तिची शिष्यवृत्तीही गेली. म्हणजे अपराध वडीलधाऱ्यांचा आणि दंड मुलीला. गुणांच्या अटीचेही तेच. घरी दिवा नाही, शिकवणी नाही, धाकट्या भावंडांना सांभाळायचे आहे, अशा मुलीचेच गुण पंचेचाळीसच्या खाली जातात. मूळ दर दहा वर्षांहून अधिक काळ जागचे हलले नाहीत. महागाई मात्र हलत राहिली. शहरांतील झोपडवस्त्यांमधील मुलींना योजनेत प्रारंभापासूनच जागा नव्हती. पुढे २००८ नंतर गरिबीच्या निकषावर निवड होऊ लागली आणि गरीब मुलग्यांनाही साहाय्य मिळू लागले.

आता याच कसोटीवर भारतातील योजना पाहू. २००८ साली केंद्र सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या, तसेच कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांतून आलेल्या मुलींसाठी एक योजना काढली. नववीत प्रवेश घेतला की मुलीच्या नावाने तीन हजार रुपयांची मुदत ठेव. ती मिळणार दहावी उत्तीर्ण होऊन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. खर्च नववीत आणि पैसे अठराव्या वर्षी! मधल्या काळात कंपासपेटी, गणवेश आणि परीक्षेची फी कशातून यावी, याचे उत्तर त्या योजनेत नव्हते. बांगला देशातील पंचवीस टाके थोडे होते, पण ते त्या वर्षीच हाती पडत होते.

याउलट बिहारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून काढलेला निष्कर्ष असा की, माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक ठळक होता. अडचण अंतराची होती, साहाय्यही अंतरावरच दिले गेले आणि वेळेवर दिले गेले.

महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली ग्रामीण मुलींना एस. टी. ने शाळेत जाण्यासाठी मोफत पास मिळतो, तोही याच जातीचा उपाय. त्यात ठेव नाही, अठराव्या वर्षाची प्रतीक्षा नाही. मात्र त्याची किंमत पासावर छापलेली नसते; ती गाडीच्या वेळापत्रकात असते. शाळा पाच वाजता सुटली आणि गावाकडची शेवटची फेरी साडेचारची असली, तर कोणते तास सोडायचे हे त्या मुलीला रोज ठरवावे लागते. म्हणून शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या आगारातही जावे आणि फेऱ्यांच्या वेळा शाळेच्या वेळांशी ताडून पाहाव्यात.