दोन घरांचे एक मूल

(दोहा येथे भक्तमंडळींच्या मासिक मेळाव्यात एका निवृत्त डॉक्टरांनी केलेले भाषण)



आज मला विषय दिला होता मधुमेहाचा. विश्वस्तांच्या परवानगीने मी तो बदलला आहे. साखरेवरून पुढच्या महिन्यात रागावेन. आज बोलायचे आहे ते आई-बाबा वेगळे झालेल्या आपल्या नातवंडांबद्दल. हा विषय आपण दबक्या आवाजात बोलतो. पण इथे बसलेल्या काही जणांच्या घरी तो आहे. माझ्याही घरी आहे.

माझी मुलगी आणि जावई तीन वर्षांपूर्वी वेगळे झाले. दोघेही इथेच नोकरी करतात. नातू आठ वर्षांचा. शाळेच्या दिवसांत आईकडे, शुक्रवार-शनिवार बाबांकडे. दर गुरुवारी संध्याकाळी त्याचे पोट दुखू लागले. मी पोट तपासले, रक्त-लघवी तपासून घेतली, सोनोग्राफीही झाली. काही सापडले नाही. घरातल्या ताणाने मुलांचे पोट दुखते, हे मी आयुष्यभर इतरांच्या आई-बाबांना समजावत आलो. स्वतःच्या घरात मात्र ओळखले नाही, कारण त्यात माझाही हात होता. शनिवारी रात्री तो परतला की मी विचारायचो, "बाबांनी काय खायला दिलं? घरी कोण आलं होतं?" एकदा तो म्हणाला, "आजोबा, मी काय सांगितलं तर कोणी रागावणार नाही?"

मी विचारणे बंद केले. दुखणे लगेच थांबले नाही, पण हळूहळू कमी झाले.

दुसरा प्रसंग तापाचा. आईने चार वाजता पॅरासिटामॉल पाजले आणि निरोप मुलाच्याच तोंडी दिला. तापलेले पोर ते विसरले. बाबांनी सहा वाजता पुन्हा पाजले. दोन मात्रांमध्ये किमान चार तास हवेत. सुदैवाने काही झाले नाही. तेव्हापासून त्याच्या दप्तरात एक वही असते: औषध, मात्रा, वेळ. पुढे त्याच वहीत शाळेच्या सूचनाही लिहिल्या जाऊ लागल्या. समोरासमोर न बोलणारी दोन माणसे वहीत नीट बोलतात.

आता थोडे कायद्याचे. आपल्याकडे 'ताबा' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. ताबा जागेचा घेतात. इथल्या अरबी कायद्यात शब्द आहे 'हदाना'. त्याच्या मुळाशी कुशीत घेण्याचा अर्थ आहे. कतारच्या २००६ च्या कुटुंब कायद्यानुसार साधारणपणे मुलगा १३ आणि मुलगी १५ वर्षांची होईपर्यंत ही जबाबदारी आईकडे असते. इतर धर्मीयांना आपापल्या कायद्याचा आधार घेण्याची सोय आहे. आपला १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, भारतात अधिवास असलेल्या पण परदेशात राहणाऱ्या हिंदूंनाही लागू होतो. त्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले आहे. पण सर्वांत वर मुलाचे हित. आपल्या बाबतीत नेमके काय लागू होते, ते वकिलालाच विचारा. भारतीय दूतावासाच्या आधाराने चालणारे इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरमही अशा वेळी वाट दाखवते.

एक विनंती खास माझ्या वयाच्या मंडळींना. फोनवर मुलगी रडते, मुलगा चिडतो, आणि आपण पटकन म्हणतो, "पोराला घे आणि निघून ये." हे म्हणू नका. पळवून नेलेली मुले परत पाठवण्यासाठी १९८० चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात नाही. मग दुसऱ्या पालकाला उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तारखा पडत असताना मूल वाढत राहते. अमेरिकेहून आणलेल्या एका चिमुरडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितले, की आई आणि वडील दोघांच्याही प्रेमावर मुलाचा हक्क असतो. भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर तरी बोलू द्या. भारत आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथल्या मुलाची झोपायची वेळ पाहून फोन करा.

शाळा, सुट्टी, पासपोर्ट कोणाकडे, गणपती कुठे, दिवाळी कुठे, आजारपणात काय करायचे, हे लिहून ठरवावे. इथे बऱ्याच घरांत बायको-मुलांचा निवासी परवाना नवऱ्याच्या नावावर असतो. त्याचे काय, हेही विभक्त होण्याआधीच बोलावे.

आपण कृष्णाला देवकीनंदन म्हणतो, आणि यशोदेचा कान्हाही म्हणतो. एकीचे नाव घेतल्याने दुसरीचा मान कमी होत नाही. आपल्या नातवंडांनाही तेवढी मोकळीक द्या. जावयाचे नाव निघाले की तोंड फिरवू नका. मूल बघत असते.

शेवटी आवाहन. इथे परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, म्हणून मी पैसे मागत नाही, वेळ मागतो. शुक्रवारी सकाळी आणि शनिवारी रात्री, आई-बाबांना एकमेकांसमोर न येता मूल सोपवता येईल, असे एखादे शांत घर हवे. चहा-बिस्किटे आणि कॅरम असला की झाले. आमच्या घराचे दार उघडे आहे; आणखी दोन-तीन दारे हवीत. ज्यांना जमेल त्यांनी सभेनंतर मला भेटा. मुलांना काही विचारायचे नाही, एवढीच अट.

राम कृष्ण हरी.