पदवी झाली, पुढे काय? अलीगढच्या निमित्ताने काही स्पष्ट गोष्टी

(अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि भगिनींनो, बारावीनंतर काय, या विषयावर आपल्याकडे भरपूर कार्यक्रम होतात. नीटचे मार्गदर्शन होते, सीईटीचे होते. निकाल लागला की सत्कार होतात, चौकात बॅनर लागतात. पण बी.ई. किंवा एम.बी.बी.एस. झालेल्या मुलामुलींना "आता पुढे काय शिकणार?" असे विचारायला कुणी सभा घेत नाही. म्हणून आज मी पदवीनंतरच्या शिक्षणावर बोलणार आहे, आणि उदाहरण घेणार आहे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे. कारण या विद्यापीठाबद्दल आपल्या घरांत जेवढे प्रेम आहे, तेवढेच गैरसमजही आहेत.

सुरुवातीला एक आकडा सांगतो. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. २००१ च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिमांचे प्रमाण १३.४ टक्के होते. समितीला असे आढळले की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे, आणि पदव्युत्तर वर्गात ५० मागे एक. पहिल्या आकड्यावर आपण खूप चर्चा केली. दुसऱ्याकडे फारसे लक्ष दिले नाही. २५ मागे एक हे कमीच आहे, पण ते ५० मागे एक का होते? जी मुले कठीण परीक्षा देऊन पदवीपर्यंत पोचली, त्यांचे प्रमाण पुढच्या पायरीवर निम्मे का होते? हुशारी नाही म्हणून, असे कुणी म्हणू शकणार नाही. ती हुशारी त्यांनी आधीच सिद्ध केलेली असते.

आता अलीगढकडे येऊ. सर सय्यद यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी. १८७५ साली अलीगढला मदरसा सुरू झाला, १८७७ साली त्याचे कॉलेज झाले आणि १९२० साली विद्यापीठ. १९३५ पासून तिथे अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. ते आजचे झाकिर हुसेन अभियांत्रिकी महाविद्यालय. १९६२ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आले. अजमल खान तिब्बिया कॉलेज तर १९२७ पासूनचे. म्हणजे एम.टेक., एम.डी., एम.एस., दंतवैद्यकातील एम.डी.एस. आणि युनानीतील एम.डी. हे सगळे एकाच विद्यापीठात शिकता येते.

पहिला गैरसमज इथेच आहे. लोक म्हणतात, "अलीगढ आपले आहे, तिथे आपल्या मुलांना जागा राखीव असतात." तसे नाही. २००५ साली विद्यापीठाने एम.डी., एम.एस.च्या निम्म्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी राखीव ठेवायचे ठरवले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते रद्द केले. विद्यापीठाच्या अल्पसंख्याक दर्जाचा जो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपर्यंत गेला, तो मुळात या पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरून उभा राहिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी १९६७ चा जुना निकाल बाजूला ठेवण्यात आला, पण दर्जाचा अंतिम निर्णय दुसऱ्या खंडपीठावर सोपवला गेला.

मग प्रवेश मिळतो कसा? एम.डी., एम.एस.साठी नीट-पीजी द्यावी लागते. निम्म्या जागा तिथूनच एम.बी.बी.एस. केलेल्यांना आणि उरलेल्या निम्म्या देशभरातील गुणवत्ता यादीतून. महाराष्ट्रातून जाणारा विद्यार्थी या दुसऱ्या निम्म्यात स्पर्धा करतो. युनानीसाठी परीक्षा वेगळी आहे, ए.आय.ए.पी.जी.ई.टी. मालेगाव, अक्कलकुवा, पुणे इथे बी.यू.एम.एस. करणाऱ्या मुलामुलींनी हे नाव लिहून ठेवावे. दवाखान्याची पाटी लावण्याआधी एकदा ती परीक्षा देऊन पाहावी.

आणखी एक गोष्ट. अलीगढमध्ये धर्माधारित आरक्षण नाही, तसे ओबीसी आरक्षणही लागू केलेले नाही. म्हणून बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा समाजांतील ज्या मुलांकडे ओबीसीचा दाखला आहे, त्यांनी हिशोब नीट करावा. आय.आय.टी., एन.आय.टी. आणि एम्समध्ये ओबीसींना २७ टक्के जागा आहेत, महाराष्ट्रात १९ टक्के. केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी. आपल्या जातीचे नाव दोन्हींत आहे का ते पाहा, आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातही काढून ठेवा. जो दाखला अलीगढला उपयोगी पडत नाही, तो मुंबईच्या आय.आय.टी.त पडतो. केवळ भावनेपोटी एकाच ठिकाणी फॉर्म भरणारा मुलगा आपला हक्क स्वतःच्या हाताने सोडत असतो.

दुसरा गैरसमज पैशाचा आहे आणि तो सर्वांत जास्त नुकसान करतो. अब्बा म्हणतात, "चार वर्षे फी भरली, आता कमवायचे दिवस. अजून किती शिकणार?" त्यांचे चुकत नाही. त्यांना कुणी सांगितलेलेच नसते की सरकारी संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाचा हिशोब उलटा असतो. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते, २४ महिने. गेट न देता त्याच वर्गात बसलेल्याला ती मिळत नाही. एम.डी. करणारा निवासी डॉक्टर पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन घेतो. फी लाखांत जाते ती खासगी आणि अभिमत विद्यापीठांत. दोन्हींची गल्लत करून आपण सरकारी दारातही जात नाही.

पीएच.डी.त तर एका परीक्षेने केवढा फरक पडतो बघा. केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्या संशोधकाला महिन्याला ८,००० रुपये मिळतात. जे.आर.एफ. असलेल्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. विद्यापीठ तेच, प्रयोगशाळा तीच, मार्गदर्शकही तेच.

इथे एक तक्रार मांडणे भाग आहे. एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की २०२२-२३ पासून ती बंद. कारण दिले की तिचे लाभार्थी इतर योजनांतही येतात. पण मुस्लिमांतील जे ओबीसी नाहीत, त्यांना त्या इतर योजनांतून किती मिळते, हा प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे. निवेदने द्या, खासदारांना भेटा. मात्र ती योजना परत येईपर्यंत कुणी घरी बसू नये. गेट आणि नेटचे पैसे परीक्षेतील गुणांवर मिळतात, तिथे धर्म पाहिला जात नाही.

तिसरी गोष्ट मुलींची. अलीगढला शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मुलींची शाळा काढली. विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. पहिली महिला कुलगुरू मात्र २०२४ साली झाली, प्रा. नईमा खातून. आपल्या घरांत मुलगी एम.बी.बी.एस. झाली की स्थळे चांगली येतात, आणि नेमकी तीच वेळ नीट-पीजीच्या अभ्यासाची असते. लग्नाला कुणाचा विरोध नाही. पण लग्न ठरवताना हुंड्यापासून हॉलपर्यंत सगळे बोलले जाते, तशी मुलीच्या एम.डी.च्या तीन वर्षांची गोष्टही आधीच, दोन्ही घरांसमोर बोलली जावी. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना यू.जी.सी.च्या नियमाप्रमाणे २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते, हेही सासरी माहीत असू द्या.

कुणी विचारेल, एवढा आग्रह का? नोकरी बी.ई.वरही मिळतेच की. मिळते. पण अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे तर एम.टेक. लागते. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. किंवा एम.एस. लागते. ज्यांच्यात पदव्युत्तर शिकलेले नाहीत, त्यांच्यातून शिक्षक होत नाहीत, परीक्षक होत नाहीत, संशोधनाचे विषय ठरवणारे होत नाहीत. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागावर बसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात काय साचते, त्या शहरांच्या नाल्यांतले पाणी कसे शुद्ध करायचे, हे एम.डी. आणि एम.टेक.च्या प्रबंधाचे विषय आहेत. एम.डी.ला प्रबंध लिहावाच लागतो. तो आपल्या वस्तीच्या आजारावर का नसावा?

शेवटी कामाचे चार मुद्दे.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षालाच गेट देता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. म्हणजे पदवी हातात येईपर्यंत दोन वेळा संधी मिळते. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतात. १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे असतात, ते सोडू नका.

एम.बी.बी.एस.च्या मुलांनी इंटर्नशिप संपायची वाट पाहू नये. नीट-पीजीत साडेचार वर्षांचा सगळा अभ्यासक्रम २०० प्रश्नांत येतो. एम्स, पी.जी.आय. आणि जिपमरसाठी आय.एन.आय.-सी.ई.टी. वेगळी असते, वर्षातून दोनदा.

दाखले आजच काढा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहून कुणाची जागा वाचत नाही.

आणि एक संध्याकाळ अब्बा-अम्मींसोबत बसा. कागदावर दोन रकाने करा. एकात आत्ता मिळणारा पगार, दुसऱ्यात शिष्यवृत्ती आणि दोन-तीन वर्षांनंतरचा पगार. वडिलांना भाषण नको असते, हिशोब हवा असतो. त्या हिशोबातून नोकरी निघाली, तर नोकरी करा, त्यात कमीपणा नाही. पण निर्णय माहिती घेऊन झालेला असावा.

इथे बसलेल्यांपैकी कुणी आधीच एम.टेक. किंवा एम.डी. करत असेल, तर त्याने कार्यक्रमानंतर थांबावे आणि दोन धाकट्यांना फॉर्म कसा भरायचा ते दाखवावे. ५० मागे एक हा आकडा बदलायचा असेल, तर हे काम करावेच लागेल.