खडू आधी, रोबो नंतर

ग्रामीण प्राथमिक शाळेत कोडिंग, म्हणजे यंत्राला क्रमाने आज्ञा देण्याची विद्या, शिकवण्यासाठी रोबो आणावा की आणू नये, हा वाद गौण असून रोबो वर्गात कोणत्या क्षणी सुरू करावा, हा खरा प्रश्न आहे. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवली आणि पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर रेघा ओढणारे यांत्रिक कासव आणले. आजचा मधमाशीसारखा दिसणारा बी-बॉट हा रोबो त्याच कुळातला आहे; पाठीवरील पुढचा बाण एकदा दाबून मग ‘गो’ बटण दाबले की तो 15 सेंटिमीटर सरकतो, वळणाचा बाण दाबला असेल तर जागीच काटकोनात वळतो. दिशांच्या बटणांवर अक्षरे नसून बाण असल्याने ग्वाल्हेर जिल्ह्यातील डबरा, भितरवारकडील घरी बुंदेली बोलणाऱ्या मुलाचेही काही अडत नाही.

अडते ते मोठ्यांच्या घाईमुळे. रोबो हाती येताच मुले बटणे दाबत सुटतात, तो धावतो, टाळ्या पडतात आणि शिकणे तेथेच संपते. याउलट, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत ठिपक्यांची रांगोळी घालणारी मुलगी आधी ठिपके मोजते, रेघ कोठून कोठे जाईल हे मनात ठरवते आणि आकृती बिघडली तर सगळी न पुसता चुकलेल्या ठिपक्यापाशी परत जाते. आज्ञावलीतील चूक हुडकण्याची ही क्रिया, जिला डीबगिंग म्हणतात, हीच कोडिंगचा गाभा आहे. म्हणून फरशीवर खडूने चौकटी आखाव्यात, मुलाने बाण पाटीवर लिहावेत, रोबो कोठे थांबेल ते आधी सांगावे आणि मगच बटण दाबावे. आधी सांगावे, मग दाबावे. हे पुन्हा सांगणे भाग आहे, कारण नेमके हेच गाळले जाते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग माध्यमिकपूर्व टप्प्यावर, सहावीपासून, येते आणि अटल टिंकरिंग प्रयोगशाळाही सहावी ते बारावीसाठीच आहेत; त्यामुळे पहिली ते पाचवीचा भार एकट्या शिक्षकावर पडतो. त्याला आधार म्हणून एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा 2016 पासूनचा सीएसपाठशाला हा उपक्रम आहे, ज्यात संगणकाविना असे खेळ सुचवले जातात. शेवटी एवढेच की, मोडेल या भीतीने मुख्याध्यापकांनी शाळेतील एकुलता एक रोबो कपाटात कुलूपबंद ठेवू नये.