आरोग्यसंस्थेचे संकेतस्थळ कोणासाठी?

वैद्यकीय सेवेच्या बाजारात डॉक्टरजवळ जी माहिती असते ती रुग्णाजवळ नसते, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडले. ही दरी कमी व्हावी म्हणून धर्मादाय आरोग्यसंस्था संकेतस्थळ उभारतात. पण त्यावर प्रथम दिसतात ते विश्वस्त आणि समारंभांची छायाचित्रे! बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी, खर्च किती, कागदपत्रे कोणती, हे शोधता शोधता नातेवाईक थकतो. शोधाचा हा खर्च संस्थेच्या ताळेबंदात येत नाही. तो गरिबाच्या बुडालेल्या मजुरीतून वसूल होतो.

संकेतस्थळांच्या कितीतरी आधीचे एक उदाहरण येथे उपयोगी पडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. रुग्णालय कसे हवे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीचे त्यांना भय वाटे. पांढरा पोशाख पाहून प्रेतावरचे वस्त्र आठवे. आप्तांना रुग्णाजवळ राहता येत नसे. म्हणून शोधग्राममध्ये झोपड्यांसारख्या खोल्या उभ्या राहिल्या, कुटुंब रुग्णासोबत राहू लागले आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

संकेतस्थळाची पुनर्रचनाही याच क्रमाने व्हावी : आधी विचारणा, मग आराखडा. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वे अपंग व्यक्तींच्या सोयीवर भर देतात. धर्मादाय संस्थांनीही ती पाळावीत. मात्र तेवढ्याने माडिया बोलणाऱ्या स्त्रीला तिचे उत्तर सापडेलच असे नाही. तिच्या हाती मोबाइल द्यावा आणि ती कोठे अडते, ते शेजारी बसून पाहावे.