स्वतःची तिजोरी, स्वतःचा पहारा



वीजबिलापासून बँकेच्या खात्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी निराळा पासवर्ड लागू लागला, तेव्हा ते सारे एका कुलपात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज निर्माण झाली. ही तिजोरी बहुधा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. 'लास्टपास' ही अशीच एक नामांकित कंपनी. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या यंत्रणेत परक्यांचा शिरकाव झाला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीस गेल्याचे डिसेंबरमध्ये कंपनीला जाहीर करावे लागले. पासवर्ड सांकेतिक रूपात होते हे खरे. परंतु ग्राहकांची खाती ज्या संकेतस्थळांवर होती, त्यांचे पत्ते मात्र उघडेच होते.

मग तिजोरी स्वतःच्याच घरी का असू नये, हा विचार रास्तच होय. 'व्हॉल्टवॉर्डन' हे मुक्त सॉफ्टवेअर जुन्या, लहानशा संगणकावरही चालते आणि त्याची मूळ आज्ञावली कोणासही तपासता येते. पासवर्डांचे सांकेतिक रूपांतर वापरणाऱ्याच्या यंत्रावरच होते. सर्व्हरच्या हाती येतो तो केवळ निरर्थक अक्षरांचा पुंजका.

तथापि लास्टपासच्या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. चोरांनी वाट काढली ती कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून. त्यावर चित्रपट व गाणी साठविणारे 'प्लेक्स' हे सॉफ्टवेअर होते, म्हणजे तेही घरगुती सर्व्हरच. त्यातील दोषाची दुरुस्ती मे २०२० मध्येच उपलब्ध झाली होती. ती बसविलीच गेली नाही. त्या फटीतून कळफलकावरील अक्षरे टिपणारी आज्ञावली आत शिरली आणि अभियंत्याचा मुख्य पासवर्ड हस्तगत झाला.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना सोयींच्या यादीपेक्षा दुरुस्त्या किती तत्परतेने प्रसिद्ध होतात, हे आधी पाहणे इष्ट. त्या बसविणारे कोणी घरात नसेल, तर चांगल्या कंपनीची सेवाच अधिक सुरक्षित, हे मान्य करावे लागते. सर्व्हर इंटरनेटवर सरसकट खुला न ठेवता 'वायरगार्ड'सारख्या खाजगी मार्गानेच त्याच्याशी संपर्क ठेवावा. साठ्याची प्रत दुसऱ्या जागी असावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून प्रत्यक्ष पाहावे. हे सारे सांभाळणारी व्यक्ती आजारी पडल्यास कुटुंबीयांना तिजोरी कशी उघडता येईल, याची टिपणीही घराच्या खरेदीखताशेजारी मोहोरबंद पाकिटात ठेवलेली असावी.