खिशातला कॅमेरा, चुंबळ आणि पाव इंची बोल्ट

छोटा डिजिटल कॅमेरा म्हणजे ज्याची लेन्स बहुधा अंगालाच जडलेली असते आणि जो सदऱ्याच्या खिशात, फार तर शबनममध्ये मावतो तो. २०१० च्या सुमारास जगभरच्या कारखान्यांतून असे १० कोटींहून अधिक कॅमेरे दरवर्षी बाहेर पडत. २०२३ मध्ये हा आकडा १७ लाखांच्या घरात आला. बाकीची जागा मोबाइलने खाल्ली. त्यामुळे एक अडचण उभी राहिली, ती अशी की तालुक्याच्या गावी या कॅमेऱ्याचे सामान ठेवणारा दुकानदार उरला नाही आणि त्याच्या दुखण्याखुपण्यातले जाणणाराही विरळा झाला. जाणकारी उरली ती हौशी मंडळींकडे, एकाने दुसऱ्याला सांगितलेल्या युक्त्यांच्या रूपाने. अशी मंडळी मलकापुरात जमली आहेत आणि स्वागत समितीने पुष्पगुच्छाऐवजी प्रत्येक पाहुण्याच्या हाती एक चुंबळ ठेवली आहे. तिचे कारण पुढे येईल.

कराडला खेटून, पुणे-बेंगळूर महामार्गावर वसलेले मलकापूर मीटरच्या चोवीस तास पाण्यासाठी नावाजले गेले. कॅमेरेवाल्याच्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व भोवतालामुळे आहे. डोक्यावर आगाशिवचा डोंगर आणि त्यातली साठाहून अधिक बौद्ध लेणी, खाली कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, पश्चिमेला कोयनेचे पाणलोट, उत्तरेला कास, पूर्वेला खटावचे कोरडे माळ. चिंब ओल आणि फुफाटा दोन्ही एका दिवसाच्या टप्प्यात. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. यंत्राशी झटण्याची परंपराही दूर नाही. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून स्वतःच एक घडवला होता, आणि १९२० साली पडद्यावर आलेला ‘सैरंध्री’ त्यानंतरचा.

कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नसून सेन्सरच्या आकाराचा असतो. स्वस्त कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. त्यात एक इंच कुठेच सापडत नाही, कारण हे माप जुन्या व्हिडिओ नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आले आहे. तरी त्याचे क्षेत्रफळ आधीच्याच्या चौपट भरते आणि तेवढाच प्रकाश जास्त गोळा होतो. सोनीने २०१२ मध्ये आणलेल्या आरएक्स १०० ने हा सेन्सर खिशात आणला. फुजीच्या एक्स १०० मालिकेत आणि रिकोच्या जीआरमध्ये तो आणखी मोठा, सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आहे, पण या दोघांना झूम नाही. इथे स्पष्ट सांगणे बरे: सर्वांत लहान सेन्सरचा आणि जेमतेम झूमचा नवा कॅमेरा आज घेण्यात अर्थ नाही, कारण बऱ्याच मोबाइलचा सेन्सर त्याहून मोठा असतो. लहान सेन्सर परवडतो तो लांब पल्ल्यासाठी किंवा पाण्यात नेण्यासाठी. ऑलिंपसचे टीजी कॅमेरे १५ मीटर खोल पाण्यात चालतात, मग आषाढातला कोयनानगरचा पाऊस ते सहज सोसतात.

लांब पल्ल्याचे कॅमेरे हा वेगळाच पंथ. निकॉनच्या पी १००० ची लेन्स ३००० मिलिमीटरच्या बरोबरीचा पल्ला गाठते, पण वजन १४०० ग्रॅमच्या वर. तो छोट्या कॅमेऱ्यांत गणायचा तर खिसा गोणपाटाचाच शिवायला हवा. मायणीच्या तलावावर पक्षी टिपणाऱ्याला त्याचा मोह होतोच. अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. हात हलू नये म्हणून शटरचा वेग पल्ल्याच्या आकड्याइतका ठेवावा हा जुना ठोकताळा. २००० मिलिमीटरला एका सेकंदाचा २००० वा भाग. कंपरोधक यंत्रणा चालू असेल तर यात बरीच सूट मिळते, पण उडणारा पक्षी ती सूट मानत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. सकाळी नऊनंतर माळ तापला की हवा थरथरू लागते आणि मग कितीही भारी लेन्स असली तरी बगळा पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा दिसतो. लेन्सला दोष देण्यापूर्वी घड्याळ पाहावे.

छिद्राच्या बाबतीतही लहान सेन्सरची चाल उलटी असते. मोठ्या कॅमेऱ्यावर निसर्गचित्रासाठी एफ ११ लावायची सवय असलेला माणूस छोट्या कॅमेऱ्यावरही आकडा चढवत नेतो. एफ ८ ला प्रकाशाचा बिंदू विवर्तनामुळे सुमारे ११ मायक्रॉनचा ठिपका होऊन पसरतो आणि लहान सेन्सरवरचा एकेक पिक्सेल दीड मायक्रॉनच्याही आतला असतो. चित्र धूसर होणारच. एफ ४ च्या आसपास थांबलेले बरे. खोलवर रेखीवपणा तिथेच भरपूर मिळतो.

कासच्या पठारावर छोटा कॅमेरा मोठ्यापेक्षा सरस ठरतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या पठारावरची कितीतरी फुले वितीपेक्षा उंच नसतात. मोठा कॅमेरा घेऊन आडवे पडणारा छायाचित्रकार ‘सीतेची आसवे’ म्हणतात त्यातल्या एका फुलासाठी वीस फुले चिरडतो. पडदा वर वळणारा छोटा कॅमेरा वाटेवर उकिडवे बसूनही जमिनीला टेकवता येतो, आणि झूम पूर्ण मागे घेतला की अनेक कॅमेरे फुलापासून पाच सेंटिमीटरवरही नीट रोखतात. गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांनी माळ भरला की कॅमेऱ्याचा मीटर फसतो. आजूबाजूच्या गडद हिरव्याकडे पाहून तो प्रकाश वाढवतो आणि पांढरे जळते. एक्सपोजर दोन-तृतीयांश पायरी खाली आणल्यास पाकळीतले पदर शिल्लक राहतात. ओल्या पानांवरची चमक मारायची असेल तर पोलरायझर. तो दीड ते दोन पायऱ्या प्रकाश खातो, शिवाय छोट्या कॅमेऱ्याला फिल्टरचे आटे नसल्यामुळे चिकटवायची चुंबकी कडी घ्यावी लागते.

आता चुंबळ. डोक्यावर घागर किंवा पाटी घेताना खाली ठेवायची ही कापडी कडी कॅमेऱ्याची उत्तम बैठक होते. लेन्स मधल्या खळग्यात विसावते, आणि दगडावर, बांधावर, गाडीच्या खिडकीत कुठेही कॅमेरा हवा त्या कोनात टेकतो. आत चिंध्यांऐवजी ज्वारी भरली तर ती आणखी नीट बसते. आगाशिवच्या लेण्यांत हिचा खरा उपयोग. तिथल्या अंधारात फ्लॅश मारला की दगडाची सारी खोली सपाट होते. त्याऐवजी कॅमेरा चुंबळीवर ठेवावा, आयएसओ १०० वर आणावा, दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यावा. सेकंद-दोन सेकंदांत दारातून येणारा उजेडच भिंतीवरची छिन्नीची खूण दाखवतो.

दुसरी वस्तू लोखंडाच्या दुकानातली. ट्रायपॉडचा स्क्रू जगभर पाव इंची, इंचाला २० आट्यांचा. त्या मापाचा बोल्ट इथल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. त्याला माणसाच्या उंचीची सुतळी बांधून बोल्ट कॅमेऱ्याच्या तळाला बसवायचा, सुतळीचे दुसरे टोक पायाखाली दाबायचे आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. वरखाली होणारा हात यामुळे बराच स्थिर होतो आणि खर्च एका चहाचा. मात्र तळाचे भोक उथळ असते. लांब बोल्ट जोराने पिळला तर आतला तळ फुटतो, म्हणून मध्ये दोन वायसर घालावेत.

धूळ आणि ओल यांवर थोडे जास्त बोलायला हवे, कारण या भागात कॅमेरे मोडतात ते बहुतेक याच दोन कारणांनी. झूमची नळी बाहेर येताना हवा आत ओढते आणि हवेसोबत जे असेल तेही. पौषात कराड तालुक्यातल्याच पालला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा हळदीची ती पूड नळीच्या सांध्यात बसते आणि काही दिवसांनी लेन्स निम्म्यावर अडकून पडद्यावर चूक दाखवू लागते. अशा गर्दीत कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून पिशवीला लेन्सपुरते भोक पाडावे, तोंड रबराने आवळावे आणि झूम अजिबात हलवू नये. घरी आल्यावर आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी कापड. तोंडाने फुंकर घालणे म्हणजे काचेवर थुंकी उडवणे.

पावसाळ्यात बुरशी येते. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांवर राहिली की काचेवर कोळिष्टकासारखे जाळे धरते आणि तिच्या आम्लाने काचेचा लेप कायमचा खराब होतो. कॅमेरा त्याच्या चामडी पाकिटात ठेवण्याची पद्धत येथेच नडते, कारण चामडे ओल धरून बसते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल एवढे पुरे. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते, पण निळे जेल स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये. त्यातले कोबाल्ट विषारी असते. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा बंद पिशवीत वीस मिनिटे राहू दिला तर दव पिशवीवर धरते, काचेवर नाही.

बॅटरी आणि कार्ड यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी एका दमात अडीचशे-तीनशे चित्रे काढते, म्हणून दुसरी जवळ हवीच; महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून ठेवावी. कार्ड व्ही ३० दर्जाचे पुरते. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम बरी.

लेन्स बदलता येणारे छोटे कॅमेरेही या कुटुंबातलेच. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर घरातली जुनी ५० मिलिमीटरची लेन्स अॅडाप्टरने बसवली तर ती १०० मिलिमीटरसारखी वागते आणि चेहऱ्यांसाठी सुरेख काम देते. फोकस हाताने करावा लागतो, एवढेच. जुनी लेन्स अथवा जुना कॅमेरा घेताना, मग तो मुंबईच्या बोरा बाजारातला असो की मित्राच्या कपाटातला, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहावे, झूम पाच वेळा आतबाहेर करावा आणि छिद्र पूर्ण उघडून तिरप्या विजेरीच्या झोतात काच न्याहाळावी. बुरशीचे धागे समोरून दिसत नाहीत, तिरप्या उजेडातच दिसतात. अदलाबदलीसाठी आणलेले सामान मंडपाच्या डाव्या हाताच्या टेबलावर मांडले आहे. विजेरी तिथेच बांधून ठेवली आहे.