आधी ठिणगी शोधा

आपल्याकडच्या डिझेल ट्रॅक्टरला स्पार्क प्लगच नसतो. इथे अमेरिकेत मी सध्या करतोय ते 'फोर्ड 8एन'चं काम. हा पेट्रोलवर चालणारा, 1947 ते 1952 मधला. इंजिन फिरतं, पण पेटत नाही, म्हणून तो भंगारात निघाला होता.

बॅटरी 6 व्होल्टची, आणि तिचं प्लस टोक चासीला! उलटं वाटतं, पण बरोबर आहे. तिथे थेट 12 व्होल्ट देऊ नका, कॉइल भाजेल.

सुरुवातीच्या 8एनचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढे, पंख्यामागे असतो. तिथे वाकून पॉइंट सेट करणं म्हणजे शिक्षाच. दोन बोल्ट काढा, अख्खा टेबलावर घ्या. शाफ्टचं टोक मुद्दाम एका बाजूला ठेवलंय, त्यामुळे परत लावताना तो उलटा बसतच नाही. काय डोकं लावलंय!

उभ्या गाडीच्या पॉइंटवर थर चढतो, करंट अडतो. जुन्या स्कूटरचे सीबी पॉइंट घासलेत ना? तेच इथे. मग पॉइंट पूर्ण उघडे ठेवून फीलर गेजने गॅप 0.015 इंच. प्लगच्या वायरी 1-2-4-3 क्रमाने.

आता प्लग बाहेर काढून, पेट्रोलपासून लांब, इंजिनाला टेकवा आणि स्टार्टर मारा. निळी, तडतडणारी ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी दिसली तर कंडेन्सर बदलून बघा.